जोड्याचे दोष आणि गिऱ्हाइकाची दृष्टी

अपेलीझ हा शिकंदर बादशहाच्या काळचा नामांकित ग्रीक चित्रकार. चित्र पुरे झाले म्हणजे ते वाटसरूंच्या नजरेस पडेल असे मांडावे आणि आपण त्याच्या आड दडून लोकांचे बोलणे ऐकावे, अशी त्याची वहिवाट असे. एकदा एका चांभाराने चित्रातील वहाणेकडे बोट दाखवून, आतल्या बाजूस एक बंद कमी काढला आहे, असे म्हटले. अपेलीझने ती चूक मुकाट्याने दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी आपला शब्द मानला गेल्याचे पाहून तो चांभार मांडीच्या रेखाटनाविषयीही बोलू लागला, तेव्हा मात्र चित्रकार बाहेर आला व चांभाराने वहाणेच्या वर मत देऊ नये, असे त्याने त्यास बजावले. ही गोष्ट रोमन ग्रंथकार प्लिनी याने सांगितली आहे. तिचा उपयोग लोक बहुधा अनधिकारी टीकाकाराचे तोंड बंद करण्यासाठी करतात. आमचे लक्ष मात्र गोष्टीच्या पूर्वार्धाकडे जाते. शेकडो लोकांनी जे चित्र वाखाणले, त्यातील वहाणेचा एक बंद उणा आहे, हे ओळखणारा एकच मनुष्य निघाला, आणि तो वहाणा करणारा होता.

ही गोष्ट आठवण्यास निमित्त असे झाले. आमचे एक जुने स्नेही, वकिलीत केस पिकलेले, गतवर्षी एका सायंकाळी पुठ्ठ्याची पेटी काखेस मारून आमच्याकडे आले. पेटीत विलायतेत पायाचे माप देऊन करविलेला, हाती शिवलेला जोडा होता. किंमत त्यांनी हळू आवाजात सांगितली आणि ती हळू आवाजातच सांगण्याजोगी होती. मग त्यांनी जोडा दिव्याखाली धरून आम्हांस तीन दोष दाखविले. डाव्या जोड्याच्या चवड्यावरील शिवणीत एक टाका किंचित तिरपा गेला होता. उजव्याच्या बाहेरील अंगास कातड्यात केसासारखी एक फिकट रेघ होती. आणि दोन्ही जोड्यांच्या जिभांचे रंग अगदी एक नव्हते. जोडा परत पाठविण्याच्या पत्राचा मसुदाही त्यांनी खिशात आणला होता. "तुम्ही इतिहासाचे अध्यापक," ते म्हणाले, "तेव्हा एवढे सांगा, की एवढे दाम मोजणाऱ्याने असले दोष सोसावेत, असा कोठे दाखला आहे काय?"

आम्ही त्या वेळी त्यांस उत्तर दिले नाही, चहा दिला. परंतु प्रश्न मनात राहिला. तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. मोलाच्या वस्तूत कोणता दोष दोष म्हणावा, तो कोणी पाहावा आणि त्याचा भुर्दंड कोणी सोसावा, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक युगाने निराळी दिली आहेत. आणि पादत्राणांसारख्या पायदळी जाणाऱ्या वस्तूच्या इतिहासात ती जितकी स्पष्ट वाचता येतात, तितकी मोठमोठ्या राजवाड्यांच्या इतिहासातही येत नाहीत.

प्रथम रोमकडे वळू. इसवी सन ३०१ मध्ये बादशहा डायोक्लीशन याने महागाईस आळा घालण्यासाठी सर्व जिनसांचे कमाल भाव ठरविणारा जाहीरनामा काढला. त्यात पादत्राणांचेही भाव आहेत. पॅट्रिशियन सरदाराच्या जोड्यास दीडशे दिनार, सेनेटराच्या जोड्यास शंभर, अश्वारोही वर्गातील गृहस्थाच्या जोड्यास सत्तर. पण खेचरे हाकणाऱ्याच्या अथवा शेतकऱ्याच्या उत्तम प्रतीच्या बुटास, खिळे न धरता, एकशेवीस! सेनेटराहून खेचरवाल्याचा जोडा महाग, हे वाचून प्रथम नवल वाटते. परंतु विचार करता त्यात चूक काही नाही. सेनेटर सभागृहापर्यंत चालणार, खेचरवाला डोंगर ओलांडणार. त्या जाड तळास जे चामडे व जे श्रम लागत, त्यांची ती किंमत होती. तेव्हा जोड्याचे मोल ठरविताना तो किती टिकेल हा विचार किती जुना आहे, हे ध्यानात येईल.

रोमन लोकांचीच दुसरी एक गोष्ट प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. एका गृहस्थाने आपल्या बायकोस सोडले, तेव्हा मित्रांनी विचारले, ती सुशील नव्हती काय, सुंदर नव्हती काय, तिला मूलबाळ नव्हते काय? त्याने पायातला जोडा काढून पुढे धरला व म्हटले, हा सुरेख नाही काय, नवा नाही काय? पण तो कोठे चावतो, हे तुमच्यापैकी कोणास ठाऊक आहे? दिसणारा दोष निराळा आणि जाणवणारा दोष निराळा, हा भेद याहून थोडक्यात कोणी सांगितला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

मध्ययुगात जोड्याचा न्याय बाजारातून उठून व्यवसायाच्या संघांकडे गेला. पॅरिस येथे सुमारे १२६८ साली एत्येन ब्वालो याने शहरातील धंद्यांचे नियम एकत्र लिहवून घेतले. त्यात कॉर्दोव्हा पद्धतीच्या उत्तम चामड्याचे जोडे करणारे, मेंढीच्या हलक्या कातड्याचे लहान जोडे करणारे आणि जुने जोडे सांधणारे, असे निरनिराळे वर्ग आढळतात. लंडनातील कॉर्डवेनर म्हणजे नवे जोडे करणाऱ्या कारागिरांच्या संघाचे नियम १२७२ पासूनचे आहेत व त्यास राजाची सनद १४३९ मध्ये मिळाली. त्याचे नावच स्पेनमधील कॉर्दोव्हा शहरावरून पडलेले आहे. या संघांची सारी धडपड कशासाठी होती? मेंढीचे कातडे बकऱ्याच्या उत्तम कातड्यात मिसळून एका जोड्यात दोन जाती आणू नयेत. जुने चामडे नव्यात लपवू नये. जुने जोडे सांधणाऱ्याने नवे करू नयेत आणि नवे करणाऱ्याने जुन्यास हात लावू नये. चौदाव्या शतकाच्या अखेरीस व पंधराव्याच्या आरंभी लंडनच्या नगराध्यक्षापुढे या दोन वर्गांचे तंटे वारंवार आले, ते याच सीमेवरून.

या वृत्तीची परिसीमा इंग्लंडच्या कायद्यांत दिसते. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत १५६३ साली आणि पहिल्या जेम्सच्या अमदानीत १६०४ साली चामड्याविषयी जे कायदे झाले, ते आज वाचताना कायदे न वाटता एखाद्या वृद्ध कारागिराने नातवास केलेला उपदेश वाटतात. तळाचे चामडे निदान बारा महिने व वरचे नऊ महिने झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरले पाहिजे. शिवण्याचा दोरा चांगला पिळलेला असावा, त्यास राळमिश्रित मेण नीट लावलेले असावे, आणि प्रत्येक टाका हातास चामड्याचे वेष्टन घालून घट्ट ओढलेला असावा. चामडे तपासून त्यावर शिक्का मारण्यासाठी अधिकारी नेमलेले होते.

या सर्व नियमांत एक गोष्ट नाही, आणि ती नसणे हीच आमच्या मते सर्वांत बोलकी गोष्ट आहे. टाका सरळ असावा की तिरपा, दोन जिभांचा रंग एक असावा की दोन, याविषयी कायद्यात अवाक्षर नाही. कायद्याने पाहिला तो गिऱ्हाइकास न दिसणारा दोष. जे डोळ्यांस दिसते त्याचा निवाडा गिऱ्हाइकाने दुकानातच करावा. परंतु जे दोन तळांच्या मध्ये दडले आहे, ज्याचा पत्ता पहिल्या पावसाळ्यात लागावयाचा, तेथे गिऱ्हाईक आंधळे असते, म्हणून तेथे राजाने डोळा व्हावे, असा तो विचार होता.

दिसणाऱ्या दोषाविषयी आपल्या पूर्वजांची सहनशीलता किती होती, याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. युरोपात सुमारे १६०० नंतर जोड्यास उंच टाच आली. टाचेचा जोडा ज्या लाकडी साच्यावर बेततात, आणि ज्यास आपले कारागीर फर्मा म्हणतात, तो डाव्या व उजव्या पायाचा निरनिराळा करणे जिकिरीचे व खर्चाचे झाले. तेव्हा दोन्ही पायांस एकच सरळ फर्मा वापरण्याची चाल पडली, आणि ती थेट अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे युरोपातील राजे, सेनापती, तत्त्वज्ञ व नर्तकी या सर्वांनी डावे-उजवे नसलेले जोडे पायात घातले. नवा जोडा पायास आपल्यासारखे करी, आणि काही दिवसांनी पाय जोड्यास आपल्यासारखे करी. आज असा जोडा कोणी विकावयास काढला, तर त्यास दोष म्हणणेही सौम्य होईल; त्या काळी तोच धर्म होता. दोष हा वस्तूत जितका असतो, तितकाच अपेक्षेतही असतो, हे यावरून दिसून येईल.

दोष आणि लबाडी यांमधील अंतर मात्र कोणत्याही युगात नाहीसे होत नाही. १८०९ च्या जानेवारीत स्पेनमधील कोरुन्याच्या लढाईनंतर इंग्रज सैन्य मायदेशी परतले, तेव्हा शिपायांच्या पायांस चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. हे दृश्य मार्क ब्रूनेल या यंत्रविशारदाने पाहिले. सरकारास जोडे पुरविणाऱ्या मक्तेदारांच्या मालात आतला व बाहेरचा तळ यांच्यामध्ये चिकणमाती भरलेली असे आणि पाणी लागताच ती विरघळून जाई, अशी हकीकत त्याच्यासंबंधी सांगतात. ब्रूनेलने १८१० मध्ये पेटंट घेऊन लंडनजवळ बॅटरसी येथे खिळ्यांनी तळ ठोकणारी यंत्रे उभारली व ती चालविण्यास जायबंदी झालेले शिपाईच नेमले. लढाईत पाय गमावलेल्यांनी लढणाऱ्यांच्या पायांसाठी जोडे करावेत, यातील करुण औचित्य कोणाच्याही मनास स्पर्श करील. १८१५ मध्ये तह झाला, सरकारची मागणी थांबली आणि ब्रूनेल कर्जात बुडाला. १८२१ साली त्यास ऋणकोंच्या तुरुंगातही जावे लागले. पण त्याचे जोडे चांगले होते. ज्या मक्तेदारांनी माती भरली त्यांचे जोडे वरून कदाचित अधिक नीटसही दिसत असतील! वरची तकाकी आणि आतली माती यांचे हे साहचर्य ज्याने एकदा ध्यानात घेतले, तो चवड्यावरील तिरप्या टाक्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने हातास मागे सारले. वरचे कातडे शिवणारे यंत्र आले तेव्हा नॉर्थॅम्प्टनच्या कारागिरांनी १८५७ पासून १८५९ पर्यंत त्यास कडवा विरोध केला. परंतु यंत्र राहिले. १८५८ मध्ये अमेरिकेतील लायमन ब्लेक याने तळ शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढच्या दहापंधरा वर्षांत चार्ल्स गुडइयर धाकटा याच्या प्रयत्नाने, तळ व वरचे कातडे यांस जोडणारी जी अरुंद चामडी पट्टी, तीही यंत्राने शिवता येऊ लागली. एकच काम उरले होते, ते म्हणजे कातडे ताणून फर्म्यावर बसविण्याचे. हे काम मानवी बोटांवाचून होणे नाही, अशी त्या धंद्यातील लोकांची घमेंड होती. डच गियानातून आलेला यान मॅट्झेलिगर नावाचा कृष्णवर्णीय तरुण मॅसॅच्युसेट्समधील लिन येथील कारखान्यात मजुरी करीत असे. त्याने रात्री जागून हे यंत्र बनविले व २० मार्च १८८३ रोजी त्यास पेटंट मिळाले. निष्णात कारागीर दिवसास सुमारे पन्नास जोडे फर्म्यावर चढवी. हे यंत्र दीडशेपासून सातशेपर्यंत चढवू लागले. मॅट्झेलिगर स्वतः १८८९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या आतच, क्षयाने वारला.

यंत्राने जोडा स्वस्त केला, हा त्याचा उपकार आम्ही मानतो. अनवाणी माणसांपुढे हस्तकलेची स्तोत्रे गाणे शोभत नाही. परंतु यंत्राने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद फारशी कोणी घेत नाही. त्याने गिऱ्हाइकाची दृष्टी बदलली. सारखेपणा ही पूर्वी दुर्मिळ व म्हणून मौल्यवान गोष्ट होती. १८५१ च्या सुमारास प्रदर्शनांत बक्षिसासाठी मांडलेल्या जोड्यांवर एका इंचात पन्नासाहून अधिक टाके घालणारे वीर होते, आणि लोक ते भिंग लावून पाहत. यंत्राने सारखेपणा पैशाला पासरी केला आणि त्याबरोबर प्रत्येक डोळ्यास त्याची सवय लावली. मग ज्या डोळ्याने शंभर यंत्रशिवणी पाहिल्या, तोच डोळा हातशिवणीवर येऊन पडला, की त्यास प्रत्येक टाका वाकडा दिसू लागला. आमच्या स्नेह्यांची तक्रार वरवर पाहता कारागिराविरुद्ध होती. वस्तुतः यंत्राने शिकविलेल्या डोळ्याची ती हाताविरुद्ध तक्रार होती.

या स्थितीचा विचार तीन ग्रंथकारांनी तीन प्रकारे केला आहे. जॉन रस्किन याने १८५३ मध्ये व्हेनिसच्या शिल्पावरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात असे प्रतिपादले, की जेथे माणसाचे मन कामात आहे तेथे अपूर्णता असणारच. निर्दोषपणाचा हट्ट धरणे म्हणजे कारागिरास गुलाम करणे होय. विल्यम मॉरिसने तो भाग १८९२ साली आपल्या छापखान्यात मोठ्या भक्तीने छापला. पण १८९९ मध्ये थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने या भक्तीवर थंड पाणी ओतले. हाताच्या वस्तूतील किंचित ओबडधोबडपणा श्रीमंतांस आवडतो, तो सौंदर्यासाठी नव्हे, तर त्यावरून वस्तू महाग आहे हे शेजाऱ्यास कळते म्हणून. तो ओबडधोबडपणा इतका अधिक नको की अडाणीपणा वाटेल, आणि इतका कमीही नको की यंत्राचा भास होईल, असा त्याचा उपरोध आहे. पुढे १९६८ साली डेव्हिड पाय या इंग्रज अध्यापकाने वादाचे स्वरूपच बदलले. त्याने हात व यंत्र हा भेद सोडला आणि जोखमीचे काम व निश्चितीचे काम असा भेद केला. जेथे काम चालू असताना शेवटच्या क्षणापर्यंत बिघडण्याचा संभव असतो ते जोखमीचे. जेथे परिणाम आधीच ठरून गेलेला असतो ते निश्चितीचे.

आम्हांस पाय याचे म्हणणे अधिक पटते. रस्किनचे अनुयायी दोषाचीच पूजा करू लागतात आणि कित्येकदा आळसासही कला म्हणतात. व्हेब्लेनचे अनुयायी प्रत्येक रसिकतेत दंभच पाहतात. परंतु आरी चामड्यातून पार करताना हात क्षणभर कापला, तर तो टाका पुन्हा मागे घेता येत नाही, कारण भोक तेथे पडलेलेच असते. हाती शिवलेल्या जोड्यास आपण जे दाम देतो, त्याचा बराच भाग या जोखमीचा असतो. जोखीम विकत घ्यावयाची आणि तिची खूण मात्र दिसू नये म्हणावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे.

तथापि प्रत्येक उणे पदरात घ्यावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट दोषांची वर्गवारी करण्यास आमच्या स्नेह्यांप्रमाणे आम्हीही बसलो, तेव्हा चार वर्ग दिसून आले.

पहिला वर्ग जनावराचा. कातडे ही एकेकाळी जिवंत असलेली वस्तू. काट्याने ओरखडलेले, गोचिडीने चावलेले, शिरेच्या वाटेने उमटलेले, मानेपाशी सुरकुतलेले असे सारे त्यावर लिहिलेले असते. कातडे बेतणाऱ्या कारागिराचे खरे कौशल्य रापी चालविण्यात नसून हे वाचण्यात आहे. सर्वांत घट्ट भाग चवड्यास, ताणाची दिशा ओळखून. सैल पोटाचा भाग जिभेस किंवा आत. मोठा व्रण अजिबात बाहेर. केसासारखी एखादी रेघ त्याने राहू दिली, तर बहुधा ती पाहूनच राहू दिलेली असते. दुसरा वर्ग हाताचा. तिरपा टाका, कडेच्या रंगातील फरक, एका टाचेची गोलाई दुसरीहून रेसभर अधिक, हे या वर्गातले. तिसरा वर्ग कार्याचा. जोडा सपाट फरशीवर ठेवला असता डुलतो, टाच पायाच्या मध्यावर बसत नाही, तळ व पट्टी यांच्यात नख शिरते, शिवण सुटून दोरा निघतो, बोट वाकते तेथे कातड्यास चीर पडते. असे काही आढळले तर जोडा एक दिवसही न घालता परत करावा व संकोच करू नये. चौथा वर्ग लबाडीचा, म्हणजे मातीचा. त्याविषयी अधिक लिहिणे नको.

पहिले दोन वर्ग काळ पोटात घालतो. मेण व मलम यांच्या चार हातांनी रेघ बुजते, उन्हापावसाने दोन जिभांचे रंग एक होतात, आणि चालण्याची घडी पडली म्हणजे तिरपा टाका शोधूनही सापडत नाही. तिसरा व चौथा वर्ग काळ उघडे पाडतो. आमच्या मते दोषाची हीच कसोटी धरावी, की घालण्याने तो कमी होतो की वाढतो? मापाच्या जोड्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लंडनचे कसबी कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाचा फर्मा कोरून वर्षानुवर्षे जपून ठेवतात, आणि पहिला जोडा कोठे चावतो हे ऐकून तो तासतात किंवा त्यावर चामड्याची चकती बसवितात. तेथे गिऱ्हाइकाची तक्रार हा कामाचाच एक भाग असतो. मात्र ती पायाची तक्रार असावी लागते.

आता तिसरा प्रश्न, भुर्दंडाचा. गिऱ्हाइकाने नाकारलेल्या वस्तूचे नुकसान दुकानदार सोसतो, अशी आपली समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. घरी काम नेऊन करणाऱ्या इंग्रज कारागिराच्या मजुरीतून वाईट कामाबद्दल कापणी होत असे, आणि ही कापणी इतकी बोकाळली, की १८९६ मध्ये पार्लमेंटास कायदा करून ती लेखी कराराने व वाजवी प्रमाणातच करता येईल, असे ठरवावे लागले. आपल्याकडे १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने मजुराच्या दंडास रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. पण तो कायदा कारखान्यातील मजुरासाठी होता. ओसरीवर बसून वहाणा शिवणाऱ्यास त्याचा आधार कोठचा?

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्या अध्यापकीच्या पहिल्या वर्षांत आम्ही एका वृद्ध कारागिराकडून कोल्हापुरी वहाणांचा जोड करविला होता. त्याचा एक पट्टा दुसऱ्याहून किंचित काळसर आला. आम्ही तरुण होतो, नवे इंग्रजी ग्रंथ वाचलेले होतो आणि आमचा डोळा चोखंदळ आहे, असा आमचा अभिमान होता. आम्ही वहाणा परत केल्या. वृद्धाने त्या उलट्या-सुलट्या करून पाहिल्या, एक शब्द बोलला नाही, आणि आठवड्याने दुसरा जोड आणून दिला. वरचे पैसे आम्ही देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. पुढे पुष्कळ दिवसांनी त्याच्या मुलाकडून कळले, की पहिला जोड त्यांनी निम्म्या किमतीस बाजारात विकला व त्या आठवड्यात घरात धान्य उसने आणावे लागले. काळसर पट्टा बाभळीच्या सालीच्या पाण्यात अधिक दिवस राहिला होता, म्हणजे तोच अधिक चांगला मुरलेला होता, हेही त्यानेच सांगितले. आम्ही चांगले चामडे वाईट म्हणून परत केले होते. अपेलीझच्या गोष्टीतील चांभार आमच्यासमोर बसला होता, आणि वहाणेच्या बाबतीतही त्याचे मत विचारावे, हे आम्हांस सुचले नाही.

या देशात ज्या हातांनी पादत्राणे केली त्या हातांचा स्पर्श शतकानुशतके अपवित्र मानला गेला, हे विसरून जोड्याच्या दोषांची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्तू पायात घ्यावयाची, कर्त्यास उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, आणि वर टाका तिरपा म्हणून रागवावयाचे, हा आमच्या समाजाचा जुना रिवाज. बाराव्या शतकातील कल्याणच्या हरळय्याची कथा लिंगायत परंपरेत सांगतात. बसवेश्वरांनी आपल्यास आदराने वंदन केले, त्या ऋणातून मुक्त व्हावे म्हणून हरळय्या व त्याची पत्नी यांनी आपल्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी वहाणा शिवल्या. बसवेश्वरांनी त्या मस्तकी लावल्या, पण पायी घातल्या नाहीत. कथेचा ऐतिहासिक निर्णय कसाही होवो. कारागिराचे कातडेच त्याच्या कामात उतरलेले असते, हा तिचा आशय कोणत्याही पुराव्याची वाट पाहत नाही.

कोल्हापुरी वहाणांस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले, व ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांस मिळाले. खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवणे हे तिचे वैशिष्ट्य. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या पेढीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच वहाणा मांडल्या, आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नाही म्हणून ओरड झाली. पेढीने मागाहून तो उगम मान्य केला, आणि डिसेंबरात, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन, येथील कारागिरांच्या साह्याने दोन हजार जोड करण्याचे व ते सुमारे आठशे युरोंस विकण्याचे जाहीर झाले. न्याय झाला, असे पुष्कळांस वाटले. आमच्या मनात मात्र एक शंका उभी राहिली. त्या आठशे युरोंच्या वहाणेचा एक पट्टा किंचित काळसर आला, तर मिलानचे गिऱ्हाईक तीस हाताची खूण म्हणेल, आणि तोच पट्टा महाद्वार रस्त्यावर आला तर आपण त्यास खोट म्हणू. वस्तू तीच, हात तोच. दोषाचे नाव मात्र किमतीबरोबर बदलते. व्हेब्लेन यावर हसला असता.

असो. मराठीत जोडा या एकाच शब्दाने पादत्राणही कळते आणि दांपत्यही कळते. भाषेने हे सहज केले असेल. परंतु त्यात शहाणपण आहे. एकट्या जोड्यात दोष फारसा दिसत नाही. तो दिसतो दोघांस शेजारी ठेवले म्हणजे. कारागीर एकच वस्तू दोनदा करतो, आणि दोनदा केलेली कोणतीही गोष्ट तंतोतंत एक होत नाही. दोन पाय तरी कोणाचे अगदी सारखे असतात? मापे घेणारा पहिल्याच दिवशी ते हसत सांगतो.

आमच्या स्नेह्यांस आम्ही पंधरा दिवसांनी हे सारे ऐकविले. त्यांनी वकिलाप्रमाणे मध्ये मध्ये हरकती घेतल्या. मग जोडा फरशीवर ठेवून तो डुलतो का ते पाहिले, पट्टीत नख घालून पाहिले, आणि शेवटी प्रथमच तो पायात घालून आमच्या ओसरीवर दहा येरझाऱ्या घातल्या. "चावतो का?" आम्ही विचारले. ते थोडे थांबले. "डाव्या करंगळीपाशी," ते म्हणाले. मसुद्याचा कागद त्यांनी खिशातून काढला, तीनही दोष खोडले, आणि त्याच्या पाठीवर करंगळीची हकीकत, कारागिराच्या नावाने, लिहावयास घेतली.